मास्तरांच्या अंगातला रंग

रंगखात्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, आणि शिकायला होते तेव्हाही तिथे फारसे रमले नव्हते. पण कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी एक टेबल होतं. टेबलामागे एक खुर्ची होती. त्या खुर्चीतला माणूस मान हलवत नाही तोवर रंगवलेल्या कापडाचा एकही गठ्ठा दाराबाहेर जात नसे. त्या माणसाला मास्तर म्हणायचं, ही तिथली जुनी पद्धत.

काम सांगायला सोपं होतं. गिऱ्हाईक आपल्याला हव्या त्या रंगाचा पंज्याएवढा तुकडा पाठवी. हौदातून रंगून, धुऊन, वाळून आलेल्या कापडाचा तेवढाच तुकडा कापायचा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे आणि सांगायचं, जमलं की नाही जमलं. नसेल जमलं तर काय कमी पडलं आणि काय जास्त झालं. ज्या बाजूला ऊन फिरकत नाही त्या बाजूचा उजेड रंगाच्या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाही, म्हणून खिडकी उत्तरेची.

मास्तर तरुणपणी तिथे ओलं कापड उचलायला लागले होते. एकदा पास होऊन दाराशी रचलेल्या गठ्ठ्यांकडे बघत ते सहज बोलून गेले, "हे दोन एका आईचे नाहीत." तेव्हाचे मास्तर तापट. त्यांनी गठ्ठे सोडायला लावले, तुकडे कापले, खिडकीशी नेले, पुष्कळ वेळ बघितले आणि खाली येऊन एवढंच म्हणाले, "उद्यापासून वर ये." ओल्या कापडापासून खुर्चीपर्यंतचा तो प्रवास मास्तरांनी आयुष्यभर पुरवून पुरवून सांगितला. घरात सगळ्यांना पाठ होता. बायको म्हणायची, "कापडाच्या दुकानात हे पाऊल टाकतात ना, तसा दुकानदार दिवा मालवतो. म्हणतो, उजेड नकोच, आता काय ते नशीब."

डोळ्याबरोबर मिजासही आली. हौदावरच्या जुन्या जाणत्या माणसालाही मास्तर तुकडा फेकून म्हणत, "तुझ्या डोळ्यांत काय दगड बसवलेत का?" लोक ऐकून घेत, कारण मास्तर चुकत नसत. न चुकणाऱ्या माणसाचं लोक पुष्कळ ऐकून घेतात, पण विसरत काही नाहीत.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात हौदांचा मुकादम होता. वडील लवकर गेले, तेव्हा मास्तरांनीच त्याला वाढवला, कामाला लावला, त्याचं लग्न लावून दिलं. भाऊ त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नसे. मास्तरांना ते आवडे, आणि आपल्याला ते आवडतं हे भावाला ठाऊक होतं.

मास्तरांना साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. पुढे रक्तदाबाचीही गोळी मागे लागली, लघवी वाढवणारी. ती ते न चुकता घेत आणि साखरेच्या बाबतीत मात्र स्वतःलाच सूट देत. मग कधीतरी निळा रंग त्यांच्याशी फटकून वागायला लागला. आधी त्यांना वाटलं, खिडकीच्या काचा मळल्यात. काचा पुसून घेतल्या. मग वाटलं, नवा माल हलका येतोय. मग एकदा गडद निळं आणि काळं अशी दोन कापडं टेबलावर आली आणि कोणतं कोणतं ते कळेना, तेव्हा त्यांच्या पाचावर धारण बसली.

त्यांनी युक्ती काढली. तुकडे घेऊन येणाऱ्या कामगाराला ते विचारत, "बोल, तुला काय दिसतं? शिकशील कधी?" तो जे बोलेल ते ऐकून घेत, तोंड वाकडं करत आणि तेच थोडं फिरवून स्वतःचं म्हणून सांगत. वरच्या मजल्यावर मास्तर आताशा शिकवायला लागलेत, अशी वार्ता खाली गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली तर खुर्ची जाणार, आणि खुर्ची गेली तर मास्तर म्हणजे काय, साखर आणि रक्तदाब असलेला एक म्हातारा, दुसरं काय?

म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, घरी न सांगता गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक नसा पाझरतायत, सूज आहे. नेमकं कुठे पाझरतंय ते बघायला नसेतून रंग सोडून फोटो काढावे लागतील, मग लेसरने तेवढ्या जागा बंद करता येतील. "आधी यायला हवं होतं," असंही म्हणाले. तपासणी पुढच्या सुट्टीच्या दिवशी ठरली. अडचण एकच होती. त्याच्या दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस निळ्या कापडाचा नवा माल बघायला येणार होता, खिडकीशी, मास्तरांच्या समोर. मालकही बसणार होते.

रंग टोचण्याची खोली लहान आणि थंड होती. टोचणारी सिस्टर बोलघेवडी होती.

"सोबत कोण आहे, काका?"

"भाऊ. गाडी लावतोय खाली," मास्तर बिनदिक्कत म्हणाले.

"दमा आहे? मूत्रपिंडाचं काही दुखणं? कशाची ॲलर्जी?"

"आहे ना. माणसांची."

"त्यावर आमच्याकडे औषध नाही. आम्हालाही तीच आहे." सिस्टरने दंडाला पट्टा आवळला. "आता ऐका. थोडं मळमळेल, काहींना होतं तसं. लांब श्वास घ्या, जातं. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला, तर तिथल्या तिथे सांगायचं. त्याची सगळी तयारी या ट्रॉलीवर आहे, पण सहसा लागत नाही. अंग पिवळं दिसेल, संध्याकाळपर्यंत उतरतं. लघवी उद्या, फार तर परवापर्यंत भडक होईल. ती बघून घाबरून फोन करू नका, मूत्रपिंडं आपलं काम करतायत एवढाच त्याचा अर्थ. रंग आपोआप बाहेर जातो. पाणी नेहमीपेक्षा दोन-तीन पेले जास्त प्या, बस्स."

मास्तर सुईच्या नळीतल्या रंगाकडे बघत होते. गर्द केशरी, आणि कडेला जिथे थर पातळ तिथे हिरवट चमक. एवढा जिवंत रंग त्यांच्या हौदात कधी उतरला नव्हता.

"पक्का की कच्चा?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"रंग. धुतला जातो ना?"

सिस्टर हसली. "कच्चा, काका. एकदम कच्चा. हनुवटी टेकवा इथे."

पोटात एकदा ढवळून आलं आणि शमलं. कॅमेऱ्याचे लखलखाट संपले तेव्हा सगळी खोली जांभळी झाली होती. थोडा वेळ बसवून, गांधी-बिंधी काही नाही असं बघून सिस्टरने त्यांना सोडलं. बाहेर बेसिनवरच्या आरशात मास्तरांनी पाहिलं. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे सगळं पुसट होतं, पण पिवळं होतं. पिकल्या लिंबाच्या सालीसारखा चेहरा, मान, हात, नखांखालची कातडी. त्यांना सुटकेचा एक क्षणही मिळाला नाही. उद्या सकाळी याच चेहऱ्याने खिडकीशी बसायचं होतं, आणि रंगखात्यात रंग बदललेला माणूस लपत नाही.

घरी बायकोने दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, कावीळ!"

"कसली कावीळ? पिवळी भुकटी उडाली अंगावर. नवीन डबा उघडला."

"सुट्टीच्या दिवशी?"

"डब्याला सुट्टी कळते का?"

"मग आंघोळ करा आधी. उशीला लागेल."

आंघोळ केली. बायकोने पाठ घासून दिली. रंग ढिम्म. ती साबणाकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिली. "आतून आल्यासारखा दिसतोय हो."

"आतून काय येतंय? अन् धाकट्याला यातलं काही बोलू नकोस."

दिराला काही सांगायचं नाही म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे बाईला कळलं. पण चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाकडून दुसऱ्यांदा विचारून कधी उत्तर मिळालं नव्हतं. तिने साबण जागेवर ठेवला.

सिस्टर जे बोलली ते मास्तरांनी ऐकलं होतं. पण ऐकलेलं आणि हाताने केलेलं यात माणूस हाताने केलेल्यावर विश्वास ठेवतो. रंग आपोआप जातो, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. आयुष्यात एकही रंग त्यांनी आपोआप गेलेला पाहिला नव्हता. रंग काढावा लागतो. आणि कसा काढायचा ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? हौदात कापड सोडतात तेव्हा रंग पाण्यातच राहू बघतो. मग मुठीमुठीने मीठ टाकतात. मीठ पडलं की रंग पाणी सोडून धाग्याला चिकटतो. मीठ नसेल तर तो पाण्याबरोबर वाहून जातो. आणि नको असलेला रंग सोडवायचा तर गरम पाणी, पुन्हा गरम पाणी, मोरीत जाणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

"आज जेवण अळणी कर," त्यांनी बायकोला सांगितलं. "आणि पाणी तापव."

"आंघोळ झाली ना?"

"प्यायला."

अळणी जेवण दोन घासांत सारलं आणि मास्तर पाण्याला लागले. तांब्यामागून तांब्या. दर वेळी मोरीत जाऊन ते खाली बघत. पहिली धार अशी झगझगीत, की डोळे अधू असूनही दिसली. दुपार कलताना ती फिकी झाली. संध्याकाळी चेहऱ्यावरचा पिवळेपणा ओसरला. तो ओसरणारच होता, तसं सिस्टरने सांगितलंच होतं, पण मास्तरांना वाटलं गुण पाण्याचा. आणि त्यांच्या धंद्यात धुलाई 'होत आली' म्हणून कोणी थांबत नाही. पाणी स्वच्छ दिसल्यावर खात्रीची एक धुलाई द्यायची, असा नियमच. मोरीतलं पाणी अजून तितकं स्वच्छ नव्हतं. त्यांनी आणखी तापवायला सांगितलं. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. त्यांनी तो ठपका रंगावर ठेवला आणि वर आणखी पाणी प्यायले.

"अहो, पोट आहे की पखाल? पुरे करा."

"माझ्या कामात तोंड घालू नकोस."

बायकोने पातेलं उतरवलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. झोपायच्या वेळेला त्यांनी ते स्वतःच पुन्हा चढवलं.

सकाळी आरशात त्यांचा चेहरा जुन्या रंगावर आला होता. त्यांना जिंकल्यासारखं वाटलं असावं, पण पायांत चपला घालताना उजवी डाव्यात गेली आणि ते त्यांना कळलं नाही. कारखान्याच्या दाराशी भाऊ भेटला.

"दादा, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

"चपला उलट्या आहेत."

मास्तर हसले. ते अशा गोष्टीला हसणारे नव्हते. भाऊ त्यांच्या मागोमाग जिना चढला.

खिडकीशी मालक होते, गिऱ्हाइकाचा माणूस होता. भावाने निळे दोन तुकडे टेबलावर मांडले. मास्तरांनी ते हातात घेतले, एकावर एक ठेवले, उलटे केले, आणि पुढे काय करायचं असतं ते त्यांना आठवेना. गिऱ्हाइकाचा माणूस सौजन्याने म्हणाला, "काय, मास्तर? जुळतंय?"

"मीठ घालू नका," मास्तर म्हणाले.

"काय?"

"मीठ घालू नका. वाहून जाऊ दे. मीठ घालू नका." मग त्यांचे डोळे वर गेले, हात-पाय ताठले आणि ते खुर्चीसकट आडवे झाले.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा झटका थांबला होता, पण शुद्ध नव्हती. दंडाच्या शिरेवर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी तशीच होती. लघवीला नळी घातली तर पिशवीत हिरवट पिवळं पाणी उतरलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पिशवी उजेडाकडे धरली आणि विचारलं, "यांनी डोळ्यांच्या तपासणीचा रंग घेतलाय का?" बायकोने भावाकडे पाहिलं. "काल पिवळे होऊन आले होते," ती म्हणाली.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

थोड्या वेळाने रक्ताचा अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार उतरलंय, झटका त्यामुळे आला. हळूहळू चढवावं लागेल, एकदम नाही. पण तोवर भावाच्या कानात रंगाबद्दलचं पहिलंच वाक्य जाऊन बसलं होतं, आणि कानात आधी शिरलेलं बाहेर काढणं कठीण. मास्तरांच्या खिशात सापडलेल्या कागदावरचा पत्ता बघून तो तडक डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. तिथे त्याने टेबलावर हात आपटले, "माझ्या भावाच्या अंगात विष टोचलंत," असं बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला आणि टोचणाऱ्या बाईचं नाव विचारून, लेखी तक्रार देऊन आला.

मास्तर शुद्धीवर आले, आठवड्याच्या आत उठून बसायला लागले, तेव्हा मालक भेटायला आले. खाटेशेजारी बसले. इकडचं तिकडचं झालं.

"मास्तर, आता आराम करा," मालक म्हणाले.

"सोमवारपासून येतो की."

"नको. भावाला बसवलंय तिथे. तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. डोळ्यांचं आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. "वर्ष झालं असेल. निळा माल दोनदा परत आला. तेव्हापासून तुमच्याकडून पास झालेला प्रत्येक गठ्ठा खाली तुमचा भाऊ पुन्हा बघायचा आणि मगच तो बाहेर जायचा. तुमचा मान राखायचा म्हणून वरती कोणी काही बोललं नाही."

म्हणजे एक वर्ष मास्तर खिडकीशी बसून मान हलवत होते, आणि खाली त्या मानेची किंमत शून्य होती. तुकडे घेऊन येणारा तो कामगार, ज्याच्या तोंडून ते रंग काढून घेत, त्याला ठाऊक होतं. हौदावरच्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या डोळ्यांत त्यांनी दगड बसवले होते, ते सगळे जिन्याखाली उभे राहून ऐकत असणार, आज मास्तर काय म्हणाले ते.

संध्याकाळी भाऊ आला. नेहमीसारखा उभाच राहिला.

"बस," मास्तर म्हणाले. "आता बसायला लागलायस ना."

"दादा, असं बोलू नकोस."

"मला सांगता आलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"सांगून बघायचं होतंस."

"तू मला सांगितलंस? मी शहराच्या या टोकाला, आणि तू त्या टोकाला एकटा, डोळ्यांत थेंब घालून रस्ते ओलांडतोस. का? मी खुर्ची पळवीन म्हणून?"

"पळवलीसच की."

भावाचा चेहरा पडला. बायको मध्ये पडली, "आता पुरे. जीव वाचला त्याचं बघा. मेल्यांनी काय विष घातलं होतं कोण जाणे."

"विषबिष काही नव्हतं," मास्तर म्हणाले. "तो बोभाटा बंद करा आधी. रंगाने काही झालं नाही मला. मीच मीठ सोडलं आणि पाणी प्यालो. गरम. दिवसभर."

"ते कशाला?" बायको म्हणाली.

भावाने विचारलं नाही. त्याला विचारावं लागलं नाही. तोही रंगखात्यातलाच होता. मीठ सोडलं, गरम पाणी घेतलं, एवढं कानावर पडताच त्याच्यासमोर सगळं उभं राहिलं, आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. ते त्याने दाबलं, पण मास्तरांनी पाहिलं. निळं दिसत नसलं तरी तेवढं दिसत होतं.

"दादा, हे बाहेर कोणापाशी बोलू नकोस," भाऊ हळूच म्हणाला. "रंगाने झालं म्हटलं तर लोक हळहळतात. मास्तरांनी स्वतःलाच हौदात घालून धुतलं असं कळलं, तर दारावरचा हमालसुद्धा पोट धरून हसेल."

"हसू दे."

"आणि मी तिथे जाऊन भांडून आलोय. लेखी दिलंय. आता जाऊन काय सांगू, आमचा माणूस वेडा होता म्हणून?"

"खरं सांगितलं तर काय जीव जातो का तुझा?"

"तुझा गेला असता," भाऊ म्हणाला. "खरं सांगितलं नाहीस म्हणून."

बायको म्हणाली, "जाऊ द्या हो. रंग काय कोर्टात जाणार आहे?" आणि विषय तिथेच राहिला. राहिला तो राहिलाच. नातेवाईक येत, हळहळत, "हल्ली काय काय टोचतात," म्हणत, आणि मास्तर ऐकत बसत. सुरुवातीला ते म्हणायचे, "तसं नाही." मग बायको पाहुण्यांकडे बघून डोळ्यांनीच सांगायची, झटक्यापासून जरा असंच बोलतात. पुढे त्यांनी तेही सोडून दिलं.

डोळ्यांचा इलाज मात्र राहून चालणार नव्हतं. बऱ्यापैकी हिंडता फिरता यायला लागल्यावर मास्तर एकटेच पुन्हा त्या दवाखान्यात गेले. बाकावर रांगेने माणसं बसली होती आणि एक बाई एकेकाच्या डोळ्यांत थेंब घालत पुढे सरकत होती. जवळ आल्यावर त्यांनी आवाज ओळखला.

"सिस्टर? तुम्ही इथे?"

तिनेही ओळखलं. हसली नाही. "तिथून उठवलं मला. वर बघा."

"माझ्यामुळे?"

"भावामुळे म्हणा, तुमच्यामुळे म्हणा. मला काय फरक पडतो? डोळे मिटा."

"अहो, पण रंगाने काही झालंच नव्हतं. मी फार पाणी प्यायलो. मीठ सोडून."

"मी दोन-तीन पेले सांगितले होते."

"हो."

"भाऊ गाडी लावतोय म्हणालात. गाडीच नव्हती ना?"

"नव्हती."

"डोळे मिटा म्हटलं ना, काका. थेंब बाहेर येतोय."

मास्तर डॉक्टरांच्या खोलीत गेले तेव्हा आधी तेच बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मिठासकट. इतकं सरळ ते आयुष्यात कोणापाशी बोलले नव्हते. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या हॉस्पिटलातून रक्ताचा अहवाल मागवला होता. रंगाचा दोष नाही, तिचाही नाही, तेव्हाच कळलं."

"मग तिला का उठवलंत?"

"तक्रार आली होती. एवढ्या लोकांसमोर तमाशा झाला. काहीतरी केलेलं दिसावं लागतं."

"मग आता परत बसवा. मी लिहून देतो."

"तिथे दुसरी बसलीय आता. तिची घडी बसली. कोणाकोणाला हलवायचं?" डॉक्टरांनी यंत्र पुढे ओढलं. "आणि तुम्हाला पुन्हा रंग टोचणार नाही. उगाच पुन्हा वाद नको. बिनरंगाच्या फोटोवर आणि त्या दिवशी निघाले त्यांवर काम भागवू. हनुवटी टेकवा."

लेसर झालं. आहे ती नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. गेलेला निळा परत येईल असं ते म्हणाले नाहीत, आणि मास्तरांनी विचारलं नाही.

डोळे निवेपर्यंत त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. शेजारी एक गृहस्थ बसले होते, जाडसर, कपाळावर घाम. थेंब घालणारी सिस्टर त्यांच्यापाशी आली तेव्हा त्यांनी तिचा हात अडवला.

"बाई, एक विचारतो. तो पिवळा रंग टोचतात, तो धोक्याचा असतो म्हणे? इथेच एका माणसाला टोचला आणि दुसऱ्या दिवशी तो झटके येऊन पडला. अजून त्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणतात."

सिस्टर थेंबाची बाटली तशीच हातात धरून उभी राहिली.

"तो मीच," मास्तर म्हणाले.

गृहस्थांनी वळून पाहिलं.

"मला रंगाने काही झालं नाही. रंग आपोआप निघून जातो. मी भीतीपोटी मीठ सोडलं, तांब्यांनी पाणी प्यालो, त्याने झटका आला. या बाईंनी मला नीट सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. तुम्ही बिनधास्त टोचून घ्या."

गृहस्थांनी त्यांच्या लालसर, पाणावलेल्या डोळ्यांकडे बघितलं, मग सिस्टरकडे, मग पुन्हा मास्तरांकडे. जे समजायचं ते समजल्यासारखी मान हलवली.

"कळलं," ते म्हणाले. "तुम्हाला इथे याचसाठी बसवलंय का?"

"अहो, मी खरंच..."

"तुमची चूक नाही, पोटासाठी माणूस काहीही बोलतो." गृहस्थ उठले, बाकाखालच्या चपला पायाने चाचपत घातल्या, आणि दाराकडे निघाले. बाहेर जाताना त्यांनी नव्याने आत येणाऱ्या एका जोडप्याला थांबवलं आणि मागे बोट दाखवून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. जोडप्याने बाकाकडे पाहिलं.

सिस्टरने बाटलीचं झाकण लावलं. "आता तुम्ही निघा, काका," ती म्हणाली. "तुम्ही बसलात तर आणखी जातील."